रोजचा एक रंगीत कागद

सकाळी नाश्त्याच्या वेळेला काकू गॅलरीत यायच्या. प्रिंटरमधून नुकताच निघालेला ओला कागद दोन कोपऱ्यांना धरून हलकेच हलवायच्या, उन्हाकडे धरून निरखायच्या आणि खाली माझ्या दुकानाकडे बघून खणखणीत आवाजात सांगायच्या, "भाऊ, आज राणी जरा फिका उतरलाय हो!" प्रिंटरच्या रंगांना त्यांनी साडीच्या दुकानातली नावं दिली होती. राणी, आकाशी, हळदी आणि काळा. बाटलीवरची इंग्रजी नावं मी दोनदा समजावून सांगितली. "असू द्या, तुमच्यात तसं म्हणत असतील," म्हणाल्या.

मी तेव्हा औरंगाबादला सिडकोत त्यांच्याच इमारतीच्या तळमजल्यावर झेरॉक्सचं दुकान चालवायचो. झेरॉक्सवाला हसऱ्या तोंडाचा कुठं पाहिलाय का तुम्ही? दिवसभर लोकांची आधार कार्डं पुढून-मागून करून माणसाचं तोंड तसंच होतं. त्यात मी मुळातच तिरसट. गावाला, म्हणजे फुलंब्रीला, आमची आईही म्हणायची की ह्याच्या कपाळाला आठी घालूनच पाठवलंय. पण काकूंना माझ्या आठीचं काडीचं भय नव्हतं. त्या सरळ गिऱ्हाइकांच्या रांगेतून आत यायच्या आणि माझ्याच खुर्चीवर बसायच्या.

त्यांचे यजमान वैजापूरच्या तहसीलमधून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेले. टंचाईचं टेबल वर्षानुवर्षं त्यांच्याकडे. तालुक्यातल्या कुठल्या गावाला कधी टँकर गेला पाहिजे हे कागद न बघता सांगणारा माणूस. निवृत्तीनंतर शहरात फ्लॅट घेतला, आणि मग हळूहळू विसरायला लागले. आधी किल्ल्या, मग रस्ते, मग माणसं. डॉक्टरांनी काकूंना सांगितलं, घरच्यांचे फोटो रोज दाखवा, नावं घ्या, बोलत राहा. ओळख टिकवता येईल तितकी टिकवा.

म्हणून काकू पहिल्यांदा दुकानात आल्या त्या दिराचा फोटो मोठा करून घ्यायला. माझ्याकडे काळं-पांढरं मशीन. मी काढून दिला, त्यांनी तो घरी भिंतीवर लावला. काका बराच वेळ फोटोसमोर उभे राहिले. मग दोन्ही हात जोडले आणि खालच्या आवाजात विचारलं, "कधी गेले?"

दीर तिकडं वैजापूरला मोंढ्यात कांद्याच्या ढिगावर उभा राहून हमालांच्या नावानं ओरडत असेल, आणि इकडं भाऊ त्याला नमस्कार करतोय! काकू तशाच खाली आल्या. हसत होत्या आणि डोळ्याला पदरही लावत होत्या. "काळ्या-पांढऱ्यात सगळे मेलेलेच वाटतात त्यांना," म्हणाल्या. "मला रंगीत मशीन पाहिजे. माझं स्वतःचं."

मी म्हणालो, "काकू, रंगीत मशीनचे लई नखरे असतात. रोज चालवलं नाही तर शाई तोंडाशी वाळते."

"रोज चालवीन की. यंत्र काय अन् माणूस काय, बसवून ठेवलं की वाळायचंच."

पुण्याला नोकरी करणाऱ्या लेकीनं प्रिंटर पाठवला. बसवायला अर्थातच मी. काकूंनी जमिनीवर जुने पेपर अंथरले होते, स्वतः जुनेर नेसल्या होत्या आणि प्रिंटरला हळदीकुंकू लावून तयार होत्या. नारळ फोडायचा होता, तो मी हातातून काढून घेतला. चार टाक्यांत चार रंग ओतायचे, पण ते काम त्यांनी मला करू दिलं नाही. लहान पोराला चमच्यानं औषध पाजावं तशा, ओठ मिटून, श्वास रोखून त्या एकेक बाटली रिकामी करत होत्या. राणी रंगाचा एक ओघळ अंगठ्यावर आला, तो पुढं किती दिवस गेला नाही. भाजी घेताना भाजीवाला विचारायचा, मतदान करून आलात का.

पहिला रंगीत फोटो पुन्हा दिराचाच काढला. कांद्याचा ढीग लालभडक, दिराची टोपी पांढरीशुभ्र, गाल गुलाबी. "खाली काय लिहू?" मी विचारलं, कारण काकूंना मराठी टाइप करता यायचं नाही. त्यांनी सांगितलं आणि मी लिहिलं: हा धाकटा भाऊ. वैजापूरला असतो. तब्येत ठणठणीत.

काकांनी वाचलं आणि म्हणाले, "मग येत का नाही कधी?" काकूंनी माझ्या पाठीत इतक्या आनंदानं धपाटा घातला की मी खोकलोच.

तेव्हापासून रोज सकाळी एक कागद, हा नेम सुरू झाला. प्रिंटरचं तोंड मोकळं राहायचं आणि काकांचं बोलतं. आधी त्या तपासणीच्या बारीक रेघा काढायच्या. रेघ तुटलेली दिसली की "आज ह्याचा घसा बसलाय" म्हणायच्या आणि सफाईचं बटण दाबायच्या. मग दिवसाचा फोटो. तो काकांसमोर धरायचा, हा कोण, ही कोण, हिचं लग्न कुठं झालं, सगळी उजळणी. ताजा कागद भिंतीवर जायचा, कालचा उतरायचा. उतरलेला टाकून देणं काकूंच्या जिवावर यायचं, म्हणून त्या इमारतीत वाटायच्या. आमच्याकडे निम्म्या घरांच्या फ्रिजवर त्या वैजापूरच्या दिराचा फोटो होता. त्याला कुणी बघितलेलं नव्हतं, पण सगळे चौकशी करायचे.

घरच्यांनंतर रोजच्या राबत्यातले लोक भिंतीवर आले. दूधवाला, धुणं-भांड्याच्या मावशी, समोरचे कादरभाई, आणि एक दिवस मी. माझ्या फोटोखालची ओळ त्यांनी माझ्याकडूनच टाइप करून घेतली: हा खालचा झेरॉक्सवाला. तोंड वाकडं, माणूस बरा. मी कुरकुरलो, तर म्हणाल्या, "खोटं आहे का ह्यातलं काही?"

त्यानंतर मी वर गेलो की काका दार उघडायचे, माझ्याकडे बघायचे, भिंतीकडे बघायचे आणि हसून म्हणायचे, "या. माणूस बरा." खरं सांगतो, मला तसं दुसरं कुणी म्हटल्याचं आठवत नाही.

मग ती दुष्काळाची वर्षं आली. तेव्हाचं औरंगाबाद तुम्हाला आठवत असेल. जायकवाडीचा तळ दिसायला लागला होता आणि बीड बायपासला मात्र उंच उंच इमारती उगवत होत्या. शेंद्र्याकडच्या कारखान्यांत नोकऱ्या निघाल्या म्हणून खेड्यातली माणसं शहरात येत होती आणि शहराचं पाणी टँकरनं खेड्यातून येत होतं. नळाला पाणी कधी येईल ह्याचा भरवसा नाही. आमच्या इमारतीची बोअर आटली. टँकर आला की पूर्ण जिन्यावर बादल्यांचा खडखडाट आणि त्याहून मोठी भांडणं. घरातलं एकही भांडं रिकामं ठेवायचं नाही, हा सगळ्यांचाच धर्म झाला होता. कुकर भरायचा, डबे भरायचे, पेढ्याचा रिकामा डबासुद्धा भरायचा.

आणि ह्या एका कामात काका पहिल्यासारखे होते. टँकरचा हॉर्न ऐकला की ताठ व्हायचे. लेंगा वर खोचायचे, पाईप उलगडायचे, शेजाऱ्यांना रांगेत लावायचे. "गडबड नाय करायची. सगळ्यांना मिळंल." आवाजात तहसीलचा जुना रुबाब. बायकोला "अहो बाई" म्हणायला लागलेला हा माणूस पाण्याचा एक थेंब वाया जाऊ द्यायचा नाही.

आता ह्यात काय घोटाळा झाला बघा. प्रिंटरचं तोंड पुसायला काकू एक बाटली जपून ठेवायच्या. गॅरेजमधून आणलेलं, गाडीच्या बॅटरीत घालतात ते शुद्ध पाणी. साधं पाणी चालत नाही, आपल्याकडच्या बोअरच्या पाण्यात क्षार इतके की तांब्याला आतून पांढरी पुटं चढतात. ती बाटली एकदा संपली आणि टेबलावर रिकामी राहिली. टँकर आला. काकांनी घर फिरून रिकामं ते ते भरलं, आणि ती बाटलीही काठोकाठ भरून, बूच घट्ट लावून, होती तिथं ठेवून दिली.

काकूंना वाटलं, मीच आणून ठेवली. आठवडाभर त्या टँकरच्या पाण्यानं प्रिंटरचं तोंड पुसत राहिल्या. आधी राणीच्या रेघा तुटल्या, मग राणी अजिबातच उतरेना.

वेळ काय साधली म्हणाल तर लेक येणार होती. किती तरी महिन्यांनी येत होती आणि मधल्या काळात तिनं केस बारीक कापले होते, चष्मा लागला होता. काकूंनी तिचा नवा फोटो मागवून रोज तोच काढायला घेतला होता. ती दारात उभी राहील तेव्हा बापानं तिला "कोण पाहिजे?" विचारू नये, एवढीच त्यांची धडपड. आणि आता लेकीचा चेहरा निघत होता हिरवागार!

काकांनी तो कागद बघितला आणि काळजीनं विचारलं, "हिला कावीळ झालीय का?"

मी वर जाऊन झाकण उघडलं. आत मीठ साचल्यासारखा पांढरा थर. बाटली हातात घेतली, बोटाला पाणी लावून चाटलं, आणि माझं टाळकं सरकलं. "हे टँकरचं पाणी आहे! कुणी भरलं हे?"

काका पलीकडं खुर्चीवर बसले होते. अभिमानानं म्हणाले, "मी भरलं. रिकामी होती."

मी पुढं काही बोलणार, तेवढ्यात काकूंनी माझ्या दंडाला असा चिमटा काढला की काय सांगू. आणि काकांना म्हणाल्या, "बरं झालं भरलीत. माझं लक्षच नव्हतं."

मी गॅरेजमधून नवी बाटली आणली. कापडाची घडी कोमट शुद्ध पाण्यात भिजवून प्रिंटरच्या तोंडाखाली ठेवली, की क्षार विरघळले तर विरघळतील. पण त्याला वेळ लागतो, आणि लेक दुसऱ्याच दिवशी येऊन दारात उभी. हातात बॅग, बारीक केस, चष्मा. काकू तिच्या मागं, पदराचं टोक मुठीत घट्ट धरून. तिची दुसरी बॅग उचलून मीही त्यांच्याबरोबर वर गेलेलो.

काकांनी तिच्याकडे बघितलं. भिंतीकडे बघितलं. भिंतीवर हिरवी बाई. परत हिच्याकडे बघितलं. तेवढ्यात खाली टँकरचा हॉर्न वाजला. काका उठले, दारामागचा पाईप काढला, त्याचं एक टोक लेकीच्या हातात दिलं आणि म्हणाले, "हे धर, अन् खाली जा. आईला पळवू नको. आई थकलीय."

लेक बॅग टाकून पाईप घेऊन जिना उतरली. ती खाली जाईपर्यंत हुंदका आवरून होती, मग टँकरवाल्यासमोरच रडायला लागली. तो बिचारा म्हणायला लागला, "ताई, रोते क्यों, पानी बहुत है." काकू वर दारातच बसल्या. "ऐकलंत का भाऊ? दोघींना ओळखलं," असं तीन-चार वेळा म्हणाल्या. मी काय ऐकणार, माझ्याच डोळ्यात पाणी आलं होतं.

राणी रंगही पुढच्या दोन-तीन दिवसांत सुटला. लेक पुण्याला परत गेली, भिंतीवर तिचा गुलाबी चेहरा आला. पाऊस झाला, धरणात पाणी आलं. काकांचं मात्र उतरणीलाच लागलं होतं.

आता तिथं दोघंही नाहीत. आधी काका गेले, मग लेकीनं काकूंना पुण्याला नेलं आणि त्या तिकडंच गेल्या. मला कळलं तेव्हा सगळं होऊन गेलं होतं. शहराचं नाव बदललं, आमच्या रस्त्यावर रंगीत प्रिंट काढणारी दुकानं झाली, माझ्याकडंही दोन मशीनं आहेत. पण काकूंची आठवण निघाली की मला त्या ओला कागद हलवणाऱ्या काकू दिसत नाहीत. दिसते ती काका होते तेव्हाची एक दुपार.

गिऱ्हाईक नव्हतं. काकू आल्या, आणि कधी नव्हे त्या दाराशीच थांबल्या. केस नीट विंचरलेले, इस्त्रीची साडी, कपाळावर ठसठशीत कुंकू. मला वाटलं, लग्नाला निघाल्या.

"भाऊ, माझा एक फोटो काढा. तोंड मोठं आलं पाहिजे."

मी म्हणालो, "आता कशाला? पेन्शनच्या कागदांना लागतोय का?"

"नाय. भिंतीवर."

सगळ्या राबत्याचे फोटो त्या भिंतीवर लागले, दूधवाल्याचा लागला, माझा लागला. ह्या बाईला स्वतःचा लावायची वेळ कधी आलीच नव्हती. काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हणालो, "काकू, लग्नातला असेल की एखादा. तो करतो रंगीत. तुमचं तरुणपण त्यांना लवकर आठवेल."

"ती पोरगी आठवून काय करू? तिला कुठून आणून उभी करू?" त्या स्टुलावर बसल्या. "त्यांना जेवू मी घालते. जी समोर ताट घेऊन येते, तिचंच तोंड ओळखीचं पाहिजे. काल घास हातात घेतला तर मागं सरकले हो भिंतीपर्यंत."

मी पासपोर्ट फोटोंसाठी नव्यानं लावलेला पांढरा पडदा सोडला, दिवे लावले, फोटो काढला. काकू हसल्या नाहीत, नुसत्या कॅमेऱ्याकडे बघत राहिल्या. मी तो कॉम्प्युटरवर घेतला, खाली जागा सोडली आणि नेहमीसारखं विचारलं, "काय लिहू?"

मला वाटलं, नाव सांगतील. बायको म्हणतील. काकूंनी स्टूल कॉम्प्युटरजवळ ओढलं. मग म्हणाल्या, "लिहा, हिला घाबरू नका. घरचीच आहे."

मी लिहिलं. दोनदा खोडावं लागलं. त्या पुढं वाकून बघत होत्या.

"अक्षर मोठं करा," म्हणाल्या. "आजकाल ते चष्मा लावू देत नाहीत."