चादरीवरची कंपनी

तळवड्यात आमच्या घरामागे भाड्याच्या चार खोल्या आहेत. त्यातल्या शेवटच्या खोलीत सादिका राहते. तिचा नवरा इम्तियाज चाकणला ट्रक दुरुस्तीच्या गॅरेजात आहे. सकाळी जातो तो दिवेलागणीलाच परततो. मुलगी कशफ अंगणवाडीत जाते, धाकटा अनिस तीन वर्षांचा आहे. आणि सादिका घरबसल्या रबर कापते.

गाडीच्या वायरी पत्र्याच्या भोकातून जातात तिथं रबराची चकती बसवतात. साच्यातून निघाल्यावर तिच्या कडेला नको असलेला पापुद्रा राहतो, तो छोट्या कात्रीनं गोल कापायचा. कात्री जरा आत गेली की चकती बाद. वर्कशॉपचे रंगराव स्कूटरवरून पोतं आणून टाकतात आणि कापलेला माल घेऊन जातात. लोक म्हणतात, घरबसल्या काम, मजा आहे. म्हणणाऱ्यांनी एकदा तीन वर्षांचं पोर मांडीशी घेऊन कात्री चालवून बघावी.

मध्यंतरी अनिसनं आईला मदत केली. न कापलेल्या चकत्या ओंजळी भरभरून कापलेल्या ढिगात टाकल्या, अगदी लाडानं. सादिकाच्या ध्यानात आलं नाही आणि सगळा माल वर्कशॉपमधून परत आला. रंगराव दारातच कडाडले, "पोरी, परत माल मिसळला तर पोतं दुसरीकडं टाकीन. बाया वाट बघत बसल्यात."

सादिका घाबरली. हे काम गेलं तर दुसरं कुठलं? कंपनीत हेल्पर म्हणून कुणीही घेतलं असतं, पण अनिसला कुणाकडे ठेवणार? सासू आळंदीला थोरल्या दिराकडे अंथरुणाला खिळलेली. माझे गुडघे असे, की पोरामागं धावायचं म्हटलं तरी दुखायला लागतात.

मग तिनं युक्ती काढली. जमिनीवर हिरवी चादर अंथरली आणि पोरांना समोर बसवून सांगितलं, "ही अम्मीची कंपनी. अम्मी कंपनीत असली की चादरीवर पाय ठेवायचा नाही, रडायचं नाही, हाका मारायच्या नाहीत. कंपनी सुटली की अम्मी तुमची."

पोरांना तो खेळच वाटला. कशफ तर लाटणं घेऊन चादरीच्या कडेला वॉचमन झाली. मी गेले की तिला मुद्दाम विचारायचे, "काय गं, मला आत सोडती का?"

"नाही सुमनआजी. कंपनी चालू आहे."

अनिस धावत आला तरी चादरीच्या काठाशी त्याचे पाय आपोआप थांबायचे. माल बिनचूक जाऊ लागला. रंगरावही खूश झाले. मीसुद्धा चार जणींना कौतुकानं सांगितलं, पोरं वळण लावावं तशी वळतात म्हणून.

परवा दुपारी मी कढीपत्ता द्यायला गेले. कशफ अंगणवाडीत होती. शेजारच्या शेडमधलं मशीन धडाडत होतं, बोललेलं जेमतेम ऐकू येत होतं. संध्याकाळी रंगराव यायचे होते, म्हणून सादिका मान खाली घालून भराभर कापत होती. आणि तिच्या पाठीमागे, चादरीच्या काठाशी, अनिस उभा होता. एक बोट दुसऱ्या मुठीत घट्ट धरलेलं, सदऱ्यावर रक्त, गाल ओले. ओठ मात्र घट्ट मिटलेले. मोरीचं लोखंडी दार त्याच्या बोटावर आपटलं होतं.

"अगं बाय, सादिका, पोराकडं बघ की!" मी ओरडले.

तिनं वळून पाहिलं. अनिसनं हुंदका गिळला आणि विचारलं, "अम्मी, कंपनी सुटली?"

सादिका उठली ती ढीग तुडवतच. कापलेला, न कापलेला, सगळा माल एक झाला. रिक्षा करून आम्ही दवाखाना गाठला. नख गेलं, हाड शाबूत होतं.

संध्याकाळी रंगराव आले. सादिका म्हणाली, "माल मिसळलाय. या वेळी मीच मिसळलाय, पोरानं नाही."

त्यांनी अनिसच्या बोटाची पट्टी पाहिली. कडाडले नाहीत, पण पोतं उचललं. "बघू पुढं," म्हणाले आणि गेले. त्यांचं तरी काय चुकलं, त्यांनाही वर जाब द्यावा लागतो. तरी मला रागच आला.

मी खिचडी घेऊन गेले तेव्हा चादर घडी करून पेटीवर ठेवलेली होती. जमीन मोकळी. सादिका त्या मोकळ्या जमिनीच्या मधोमध बसली होती. तिनं हात पसरले. "ये अनिस. कंपनी सुटली."

अनिस दारातून निघाला आणि भिंतीला धरून, चादर असायची तेवढी जागा सोडून, कडेकडेनं चालत गेला. चादरीचा काठ यायचा तिथं तो खाली बसला आणि आईकडे बघत राहिला.

सादिकानं हात खाली घेतले. मग तीच उठली आणि कडेला त्याच्याशेजारी जाऊन बसली.