नानांच्या रक्तातले राखणदार

माझ्या चुलत सासऱ्यांइतका सर्दीला जीव लावणारा माणूस अख्ख्या खानदेशात झाला नसेल, आणि त्याला कारण मी आहे. भडगावला गिरणा नदीकाठी त्यांची केळीची बाग. सगळे त्यांना नाना म्हणत. मी धुळ्याच्या शाळेत विज्ञान शिकवायचो, म्हणून नानांच्या लेखी मी अर्धा डॉक्टरच. गावात रंगीत टीव्ही नुकताच आला होता, त्या सुमारास नानांना ब्लडप्रेशर निघालं.

"हे प्रेशर वाढस कसं, जवाईबुवा?" त्यांनी विचारलं. मीठ आणि काळजी एवढंच सांगून थांबायला हवं होतं. पण मी नुकताच एका मासिकात लेख वाचला होता. "रक्तात जंतूंशी लढणाऱ्या पेशी असतात," मी ऐटीत म्हणालो. "त्या कधीकधी आपल्याच रक्तवाहिन्यांवर, मूत्रपिंडांवर धावून जातात आणि दाब वाढतो."

नानांनी बागेकडे नजर टाकली. "बराबर शे. राखणदारले काम नही भेटनं ते तो मालकलेच झोडपस."

त्या दिवसापासून त्यांनी आपल्या राखणदारांना काम पुरवायला घेतलं. लग्नात सर्वांत शेंबडा वऱ्हाडी हेरून ते त्याच्याशेजारी पंगतीला बसत. "शिंक भो, मोकळा शिंक!" गल्लीत कुणाला डोळे आले की नाना केळी घेऊन हजर, आणि चौकशी करायची ती डोळ्याला डोळा भिडवून. ताप चढला की खूश: "आज बठ्ठा राखणदार कामले लागनात!" राखणदार कामात असताना गोळी कशाला, म्हणून त्यांनी प्रेशरची गोळीही सोडली. मला ते माहीत होतं. पण चारचौघांत ते "आमना जवाईनी सांगेल शे" म्हणायचे, ते मला गोड लागायचं. मी त्यांना अडवलं नाही.

एका सकाळी नाना बागेतच कोसळले. जळगावच्या दवाखान्यात बघितलं, तर तोंड वाकडं, डावा हात निर्जीव. मी खाटेपाशी रडत कबुली दिली, "नाना, तो लेख उंदरांवरचा होता. माणसांचं अजून नक्की नाही, असंही त्यात होतं. ते मी गाळलं."

नाना वाकड्या तोंडानं म्हणाले, "उंदीरलेबी प्रेशर व्हस का?"

तेवढ्यात डॉक्टर आले. "गोळ्या कुणाच्या सांगण्यावरून बंद केल्या?"

मी तोंड उघडणार, त्याआधीच नाना बोलले, "कोनीच नही सांगं. मीच इसरी गऊ."

त्यानंतर नाना बरीच वर्षं जगले. गोळी एक दिवस चुकली नाही. मी गेलो की गप्पा, हसणं सगळं पूर्वीसारखं. फक्त एखादी गोष्ट अशी का होते, हे त्यांनी मला पुन्हा कधी विचारलं नाही. आभाळात विमान दिसलं की ते वर बघत, मग माझ्याकडे. मी उत्तर तयार ठेवून बसायचो. नाना म्हणायचे, "चहा ल्या, जवाईबुवा."