ननंदेसाठी कॉलेज पाहाले नागपूरले

फोन वाजून राहिला होता, स्क्रीनवर मामाजीचा (सासऱ्याचा) फोटो, अन् उचलावं कोनी? शीतल आत मॅडमच्या खोलीत, दार बंद, तिचा मोबाईल माह्या हातात, कडेवरच्या पिंकीनं नुकतंच माह्या खांद्यावर दूध ओकलेलं, अन् बाकावरच्या साऱ्या बाया माह्याकडं पाहून राहिल्या. लग्न झाल्यापासून मी मामाजीसंग एक शब्द सरळ बोलली नाई. आमच्याकडं सून बोलतच नाई. चहा झाला तरी लेकराकडं पाहून म्हनाचं, "पिंके, आजोबाले सांग, चहा ठेवला." तिले अजून दात नाई आले, पन घरातले सारे निरोप तिच्याच तोंडून जातेत. आता फोनवर काय कराचं?

थांबा, सकाउनपासून सांगते, नाईतर तुमाले समजनार नाई.

काटोलहून पहिल्या यष्टीनं निघालो, मी, शीतल अन् मांडीवर पिंकी. शीतल माही ननंद, बीए झाली, अन् आता तिले मनाच्या दुखन्याचं पुढचं शिकाचं आहे. नागपुरात दोन जागा होत्या. एक महाल भागातलं कॉलेज, शनिवारी घरी येता येते. दुसरी मनाच्या रोग्याइच्या मोठ्या दवाखान्यातली, तिथंच होस्टेलात राहाचं, सुट्टी भेटली तं दिवाळीले तोंड दिसन. घरी साऱ्याइले महालच पाहिजे होतं. मी आठवी शिकली, मले त्यातलं काय समजते, पन पोरगी एकटी कशी पाठवाची म्हनून मले संग धाडलं. निघताना सासूबाई कानाजवळ येऊन म्हनल्या, "जवळचंच कर म्हना तिले. तुह्यं आइकते थे."

नागपूरले उतरलो तं गाड्याच गाड्या, मले रस्ता पार कराले शीतलनं हात धरून नेलं. महालात गल्ली इतकी बारीक का समोरून स्कूटर आली तं आमाले दुकानाच्या पायरीवर चढा लागलं. कॉलेजातले सर भले मानूस होते. म्हने, "लग्न जमलं तरी काही अडत नाही ताई, हजेरीचं पाहून घेऊ."

शीतलनं विचारलं, "सर, पेशंट कुठी पाहाले भेटतेत?"

"पुस्तकात आहे ना सगळं."

बाहेर येऊन आमी तर्री-पोहे खाल्ले (तर्री म्हंजे वरून टाकतेत थो तिखट लाल रस्सा). माह्या डोळ्यातून पानी आलं. शीतल म्हने, "तिखट लागलं का वं वैनी?" मी हाव म्हनलं.

तिखट नोहतं लागलं. पिंकी झाली तवा मले लय भेव वाटे. लेकरू माह्या हातानं मरन, असंच वाटे, तिले उचलाले हात जात नोहते. सासूबाई म्हने थेरं आहेत, शेजारीन म्हने बाहेरचं लागलं, धागा मंतरून आनला. एकटी शीतल रोज चुलीजवळ येऊन बसे. समजावे नाई, रागवे नाई, बसूनच राहे. तिच्यानं मी लेकराले पदराखाली घ्याले लागली. अन् थे दूर गेली तं माह्याजवळ कोन बसन? म्हनून मलेपन महालच पाहिजे होतं.

ऑटोवाल्याले दवाखान्याचं नाव सांगतलं तं आरशातून आमाले पाहून म्हने, "भरती कोन होऊन राहिलं, दोघीतलं?"

शीतल म्हने, "मी, काका. दोन सालासाठी. आता नीट चालवा, नाईतर तुमालेपन संगच घेते."

थो जो हासला, पैसे घेईपर्यंत हासतच होता. मले हासू आलं नाई.

आत गेलो तं कडुनिंबाची झाडं, मोठं आवार, कपडे वाळत घातलेले. मले वाटलं होतं लोकं आरडतीन, मारतीन. पन तिथं तं सारे चूप. शीतल मुलाखतीले मॅडमच्या खोलीत गेली अन् मी बाकावर बसली. बाजूच्या मावशीनं विचारलं, "कोनाले दाखवाले आनलं?"

"दाखवाले नाई, ननंद शिकाले आली."

"इथं शिकालेपन येतेत? आमी तं लपून आलो बापा. घरी सांगतलं, पोरीचा दात दाखवाले जातो."

तिची पोरगी खाली मान घालून बसली होती, माह्याच वयाची. तेवढ्यात एक शिकनारी पोरगी आली, शीतलएवढीच असन. थे त्या पोरीसमोर खाली फरशीवर उकिडवी बसली. काही विचारलंच नाई. बसूनच राहिली. लय वेळानं त्या पोरीनं मान वर केली.

तवाच नर्स माह्यासमोर आली, "तुमचा केसपेपर?"

"मी पेशंट नाई!" मी इतक्या जोरानं बोलली का पिंकी दचकली अन् ओकली. अन् तवाच फोन वाजला.

बंद झाला, पुन्हा वाजला. मी उचलला अन् पिंकीच्या तोंडाजवळ धरला. पिंकी रडून राहिली होती.

"हॅलो? कोन, पिंकी का?" मामाजी म्हनले, "पिंके, तुह्या मायले विचार, थे जागा कशी आहे? लोकं म्हनतेत तिथं पागल हिंडतेत. आपली पोरगी ठेवाजोगी आहे का नाई?"

एक नाई म्हनलं असतं तं झालं असतं. शीतल दर शनिवारी घरी आली असती. माह्या जिभेवर आलं होतं थे. पन समोर थे शिकनारी पोरगी अजून फरशीवरच बसली होती.

मी म्हनलं, "पिंके, आजोबाले सांग, जागा चांगली आहे म्हना. आत्याले इथंच ठेवा म्हना."

मामाजी हळूच म्हनले, "पिंके, मायले सांग, तिनं पाह्यलं तं ठीक आहे."

शीतल बाहेर आली, निवड झाली होती, घरचं हो तेवढं पाहिजे होतं. मी म्हनलं, हो झालं. तिनं तिथंच सगळ्याइसमोर मले पिंकीसकट मिठी मारली.

वापस येताना यष्टीत खिडकीची जागा भेटली. बाहेर संत्र्याचे बगीचे मांगं जाऊन राहिले होते. शीतल म्हने, "वैनी, एक खरं सांग. तुले अजून थसं भेव वाटते का? वाटत असन तं मी महालात जाईन. उद्याच मॅडमले फोन करून नाई म्हनून देईन, शप्पत."

माह्या मांडीवर पिंकी झोपली होती. तिच्या नाकाजवळ बोट धरून मी घडीघडी पाहून राहिली होती, श्वास चालू आहे का. एक पदर मधात होता म्हनून शीतलले दिसलं नाई.

मी म्हनलं, "नाई वं, आता काही नाई वाटत."

तिनं लेकरासारखी मान माह्या खांद्यावर टाकली अन् झोपून गेली. काटोल येईपर्यंत मी हाललीबी नाई. आता तिची बॅग भरून राहिली, रोज एक एक कपडा जाते तिच्यात, अन् अजूनही मी एक शब्द बोलली तं थे थांबन. तुमी सांगा बायांनो, तुमच्या खांद्यावर तिची मान असती, तं तुमी थो एक शब्द बोलल्या असत्या का?