न्यूमा त्रेपान्येची पहिली दाद

आमच्या सातव्या वॉर्डात जेवणाला नावं ठेवणारा माणूस घरटी एक तरी सापडतोच, पण न्यूमा त्रेपान्येची सर कुणाला नाही. हे मी त्याच्या पाठीमागे बोलत नाही. तो स्वतःच केस कापायच्या दुकानात खुर्चीवर बसून, गळ्याभोवती पांढरं कापड गुंडाळलेलं असताना हा किस्सा सांगतो, आणि न्हाव्याला मध्येच कात्री थांबवायला लावतो.

न्यूमाचं वय एकाहत्तर. धंदा गिलाव्याचा, बापाचा आणि आजोबाचाही तोच. या शहरातल्या कित्येक जुन्या घरांच्या छतावरची गिलाव्याची पानं-फुलं त्याच्या हातची आहेत. आपल्याला जगात दोनच गोष्टी कळतात, असं त्याचं म्हणणं: भिंत सरळ आहे की नाही, आणि आमच्याकडचा दाट रस्सा, गम्बो, जमलाय की नाही. पैकी पहिली त्याला खरोखरच कळायची.

त्याची बायको लिओंटीन थंडी पडायला लागली की दर रविवारी गम्बो करायची. काळ्या बिडाच्या पातेल्यात तेलावर मैदा भाजत ती तासभर उभी राहायची. त्याचा रंग चॉकलेटसारखा झाला की कांदा, सेलरी, ढोबळी मिरची, मग भेंडी, खेकडे, कोळंबी. त्या भाजलेल्या मैद्याला आम्ही रू म्हणतो. रू बिघडला की सगळं बिघडलं. जेवायला बसल्यावर पहिला चमचा न्यूमाचा, हा घरचा नियम. तोवर बाकीच्यांनी चमचे हातात धरून बसायचं. न्यूमा डोळे मिटायचा, जीभ फिरवायचा आणि निकाल द्यायचा. रू अजून दोन मिनिटं हवा होता. मीठ जरा हाताबाहेर गेलं. खेकडे म्हातारे निघाले. असा निकाल देऊन तो तीन वाट्या संपवायचा. लिओंटीन काही बोलायची नाही. मुलीला मात्र हळूच सांगून ठेवायची, "क्लॉडेट, ज्या दिवशी तुझा बाप नावं ठेवणार नाही ना, त्या दिवशी आधी डॉक्टरला फोन कर."

त्रेचाळीस वर्षं हे असंच चाललं. दोन हिवाळ्यांपूर्वी लिओंटीन गेली आणि पातेलं खिळ्यावर टांगलं ते टांगलंच राहिलं.

क्लॉडेट लग्न होऊन तलावापलीकडे स्लाइडेलला राहते, तिथल्या शाळेत शिकवते. बापाला एकटं पडू द्यायचं नाही म्हणून तिने नियम काढला, की महिन्यातून एका रविवारी चर्चमधली मासची प्रार्थना झाल्यावर सगळ्यांनी अर्ध्या वाटेवर भेटायचं. अर्ध्या वाटेवर, हायवेच्या कडेला, होतं 'मामा झूझूज क्रिओल किचन'. अशी चाळीसेक हॉटेलं या कंपनीची देशभर आहेत. मामा झूझू नावाची बाई कधी जन्माला आलीच नाही, पण दारात तिचा डोक्याला रुमाल बांधलेला हसरा फोटो आहे.

न्यूमाची पहिली खडाजंगी झाली ती भिंतीशी. भिंती मुद्दाम जुनाट दिसाव्यात म्हणून तडे पाडलेले, मध्येमध्ये गिलावा उडवून विटा उघड्या ठेवलेल्या. अंगठा फिरवून त्याने पाहिलं तर वीटही खोटी. जन्मभर लोकांच्या भिंतींचे तडे बुजवून पोट भरलं, आणि इथे तडे पाडायचा पगार देतात, असं तो इतक्या मोठ्याने म्हणाला, की शेजारच्या टेबलावरच्या बाईने पर्स जवळ ओढली. मग गम्बो आला. रंग टोमॅटो सूपचा, आणि चव पोस्टर चिकटवायच्या खळीची. पावाचं कवच मोडताना आवाज होईना. राजमा-भात रविवारी वाढत होते, जो आमच्याकडे सोमवारी, कपडे धुवायच्या दिवशी शिजतो, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. आणि हे सगळं चालू असताना छतातल्या स्पीकरमधून क्लॅरिनेट वाजत होतं.

इव्हॉन नावाची एक वेटर होती, आमच्यातलीच. ती न्यूमाची प्लेट उचलायला आली की विचारायची, "आज काय वाईट होतं, बेबी?" आणि न्यूमा क्रमाने सांगायचा. गंमत म्हणजे वाटी मात्र दर वेळी चाटूनपुसून स्वच्छ असायची.

दीड वर्ष क्लॉडेटने ऐकून घेतलं. सप्टेंबरातल्या एका रविवारी न्यूमा भेंडीच्या चकतीला चमच्याने टोचत होता. ही भेंडी माझ्याआधी गेली, असं तो म्हणाला, आणि तिने हातातला रुमाल टेबलावर ठेवला.

"पप्पा, मी आठवडाभर तीस पोरांच्या तक्रारी ऐकते. रविवारी एकतिसावं पोर मला झेपत नाही. हे पुरे झालं. ख्रिसमसला भेटू."

ख्रिसमसला तीन महिने होते. गम्बो गेला खड्ड्यात, पण महिन्यातला हा एक रविवार सोडला तर त्याच्या घराचं दार कुणी उघडत नव्हतं. माफी मागायची सवय जिभेला नाही. म्हणून जिभेने जे नेहमी केलं तेच केलं, फुशारकी मारली.

"ऑक्टोबरचा शेवटचा रविवार माझ्याकडे," तो म्हणाला. "गम्बो मी करणार."

जावई ड्वेनला पाणी पिताना ठसका लागला. क्लॉडेटने त्याच्या पाठीवर थोपटलं आणि आम्ही येतो म्हणाली.

आयुष्यभर गिलावा कालवलेल्या माणसाला पीठ हलवणं काय अवघड, असा न्यूमाचा हिशोब. पहिला रू शुक्रवारी केला. पाच मिनिटं हलवल्यावर समोरची तसबीर वाकडी दिसली. ती सरळ करायला तो चार पावलं गेला आणि परत येईपर्यंत रूचा कोळसा झाला. रूला पाठ दाखवायची नसते, आणि लिओंटीन तासभर त्या चुलीपुढे का खिळून असायची, हे त्याला एकाहत्तराव्या वर्षी कळलं. दुसरा शनिवारी केला. जळेल या धास्तीने लवकर उतरवला, तर कच्च्या पिठाची चव. तिसरा रविवारी सकाळी मास बुडवून केला. रंग जमत आला होता, पण हलवायला घेतली होती कामावरची थापी, आणि तिच्या कोपऱ्यात कुठल्या तरी घराचा जुना चुना होता.

एक वाजला होता. अडीचला मंडळी यायची होती. न्यूमाने गाडी काढली आणि तो थेट मामा झूझूच्या दारात गेला.

गम्बोची झाकणवाली अख्खी बादली मागितल्यावर इव्हॉनने त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "घरी शिव्या द्यायला पाहुणे बोलावलेस वाटतं, बेबी?" ती म्हणाली. न्यूमाने पैसे मोजले आणि बादली उचलली.

घरी आल्यावर त्याने तो गम्बो लिओंटीनच्या पातेल्यात ओतून मंद आचेवर ठेवला. बादली मागच्या खोलीत चुन्याच्या बादल्यांच्या रांगेत दडवली. कांद्याची सालं ओट्यावर पसरली. शर्टावर चिमूटभर मैदाही उडवला, आणि हे सांगताना तो आजही कपाळावर हात मारतो.

मंडळी आली. स्वयंपाकघरातला पसारा पाहून क्लॉडेट दारातच थबकली. आईचं पातेलं चुलीवर दिसल्यावर तिचे डोळे भरले. न्यूमाला तेव्हाच कबूल करावंसं वाटलं, पण धीर झाला नाही. सगळे बसले. वाट्या भरल्या. नियमाप्रमाणे सगळ्यांनी चमचे हातात धरले आणि न्यूमाकडे पाहिलं.

त्याने डोळे मिटले, जीभ फिरवली. तीच खळ. तीच मेलेली भेंडी. पण स्वतःच्या हातच्या गम्बोला स्वतः नावं कशी ठेवायची? न्यूमा त्रेपान्येने डोळे उघडले आणि म्हणाला, "छान झालाय."

टेबलावरचे सगळे चमचे जिथल्या तिथे थांबले. क्लॉडेट उठली, बापाजवळ गेली आणि तिने त्याच्या कपाळाला हात लावून पाहिला. "ताप तर नाही," ती ड्वेनला म्हणाली. मग उभ्यानेच एक चमचा चाखला.

"पप्पा, बादली कुठे ठेवलीत?"

ड्वेन आधी फुटला, मग सगळेच. न्यूमाही हसला. बिंग इतक्या स्वस्तात फुटलं म्हणून तो सुटकेचा श्वास टाकतोय, तोच क्लॉडेटचं हसू थांबलं.

"आईने त्रेचाळीस वर्षं हा शब्द ऐकायची वाट पाहिली," ती म्हणाली. "आणि तुम्ही तो मामा झूझूला दिलात."

दुकानात इथवर आला की न्यूमा जरा थांबतो. खुर्चीतल्या माणसाचा चेहरा आरशात सगळ्यांनाच दिसतो, म्हणून आम्ही इकडेतिकडे बघतो. तो म्हणतो, मला वाटायचं तिसरी वाटी मागितली की तिला समजतं. समजतही असेल. पण मी कधी विचारलं नाही, आणि ती कधी बोलली नाही. बोलायची वेळ होती तेव्हा मी मीठ मोजत बसलो.

त्या दिवशी सगळ्यांनी तो गम्बो खाल्ला, नावं ठेवत ठेवत खाल्ला, आणि त्यात सगळ्यात पुढे क्लॉडेट. निघताना तिने बापाला बजावलं, की पुढच्या रविवारी ती सकाळीच येणार, रू ती हलवणार, आणि त्याने फक्त कांदा चिरायचा.

पण त्याआधी एक नोव्हेंबर आला. त्या दिवशी आम्ही आपापल्या माणसांची थडगी झाडतो, रंगवतो, शेवंती वाहतो. न्यूमा थापी स्वच्छ धुऊन घेऊन गेला होता. लिओंटीनच्या थडग्याला एक बारीक तडा गेला होता, तो त्याने असा बुजवला की बोटालाही कळू नये. मग पांढऱ्या रंगाचा हात दिला. ब्रश खाली ठेवून तो दगडाजवळ वाकला.

"लिओंटीन, गम्बो छान व्हायचा," तो म्हणाला. "दर रविवारी." पण त्याला राहवेना. "एका ख्रिसमसला तेवढा जरा खारट झाला होता."

मागे गवत उपटत बसलेल्या क्लॉडेटने मान वर केली.

"घाबरू नकोस, आई," ती म्हणाली. "पप्पा बरे आहेत."