जीभ काढण्याआधीचे दोन दिवस

शेवंती गमरे शनिवारी सकाळी महाडहून एसटीनं दादरला उतरली. मुलगी स्पृहा घ्यायला आली होती. सोमवारी परळच्या इस्पितळात शेवंतीच्या जिभेचं ऑपरेशन होतं.

शेवंती मूळची परळच्याच भोईवाड्यातली. वडील गिरणीत, घर चाळीतल्या एका खोलीत. लग्न होऊन महाडला गेली, नवरा लवकर वारला, आणि तिथल्याच शाळेत सव्वीस वर्षं शिपाई म्हणून राबली. मधली सुट्टी संपली की घंटेच्या आधी तिचा आवाज पोरांना वर्गात पिटाळायचा. मशेरीची सवय बाराव्या वर्षापासूनची. दिवाळीनंतर जिभेच्या डाव्या कडेला फोड आला, तो बरा झालाच नाही.

"किती काढावी लागेल ते आत गेल्यावरच कळेल," डॉक्टर म्हणाले होते. "बोलणं पहिल्यासारखं राहणार नाही. चवीचंही सांगता येत नाही."

आताशा तिला कोमट पेजसुद्धा झोंबायची. गार तेवढं सोसायचं. म्हणून स्पृहानं आइस्क्रीमची दुकानं शोधून ठेवली होती. तिला दुसरं काही सुचलं नव्हतं.

"दोन दिवस तू म्हणशील ते खायचं, आई."

दादरच्या दुकानात हापूसचा कप आला. शेवंतीनं चमचा तोंडात घातला आणि थांबली.

"आंबा लागत नाही गं. नुसतं गोड लागतंय."

"दुसरं आणू?"

"थांब, उजवीकडं फिरवून बघते." तिनं गाल फुगवून घास पलीकडे सरकवला. "हां. हितं लागतोय." आणि ती हसली. स्पृहाला हसता येईना. ती उठून पाणी आणायला गेली.

रविवारी दुपारी दोघी गिरगावात गेल्या. सीताफळाच्या आइस्क्रीममध्ये फळाचे गर होते, एका गरात बी राहिलेली. ती नेमकी फोडावर टोचली. शेवंतीनं तोंडावर हात धरला, पण लाळेबरोबर रक्त कपात पडलंच. पांढऱ्यावर लाल. शेजारच्या टेबलावरची चिमुरडी बघत राहिली. तिच्या आईनं तिला उचलून कोपऱ्यातल्या टेबलावर नेलं.

शेवंतीनं कागदी रुमालानं टेबल पुसलं, कप दुमडला. "चल. लोकांना खाऊ दे."

टॅक्सीत तिनं पदरानं ओठ टिपले. मग म्हणाली, "दादाला फोन लाव. लालबागला ये म्हणावं. तोंड आहे तोवर मला त्याच्याशी बोलायचंय."

दादा म्हणजे तिचा थोरला भाऊ गंगाधर. तो चिंचपोकळीला राहायचा. अकरा वर्षं बहीण-भावांत बोलणं नव्हतं. आई गेली तेव्हा चाळ पाडून तिथं इमारत उभी राहणार होती. गंगाधर कागद घेऊन महाडला आला. खोली एकट्या त्याच्या नावावर व्हावी, ही आईची शेवटची इच्छा होती, असं म्हणाला. शेवंतीनं तिथल्या तिथं सही केली. वर्षभरानं चाळीतल्या शेजारणीनं सांगितलं, म्हातारी तर शेवटपर्यंत म्हणत होती, शेवंतीला तिचा अर्धा वाटा द्या.

लालबागच्या दुकानात चारच्या सुमारास गंगाधर आला. त्रेसष्ट वर्षांचा, इस्त्रीचा शर्ट घातलेला. बहिणीचा सुजलेला गाल बघून तो दारातच थबकला.

"बस," शेवंती म्हणाली. स्पृहानं तिघांसाठी व्हॅनिला आणलं.

"कशी आहेस, शेवंते?"

"आई तसं म्हणाली होती?"

गंगाधरनं कप स्वतःकडे ओढला, पुन्हा सरकवला. "पोरींची लग्नं व्हायची होती तेव्हा. जागा—"

"ते नाही विचारलं. आई म्हणाली होती का?"

"नाही."

"मोठ्यानं बोल. मला ऐकू आलं नाही."

"आई तसं म्हणाली नव्हती!" गल्ल्यावरच्या माणसानंही वळून बघितलं. गंगाधरनं तोंड ओंजळीत धरलं. "मला माफ कर गं."

शेवंतीनं उजव्या बाजूनं सावकाश एक चमचा संपवला. "माफ करणं मला जमायचं नाही, दादा. पण तुझ्या तोंडून ऐकल्याशिवाय मला ऑपरेशनच्या टेबलावर झोपायचं नव्हतं."

सोमवारी ऑपरेशन नऊ तास चाललं. जीभ जवळजवळ सगळीच काढावी लागली. नाकातून नळी, श्वासासाठी गळ्यात भोक. शुद्धीवर आल्यावर शेवंती वहीत लिहून बोलू लागली. नर्सशी, स्पृहाशी, बाजूच्या खाटेवरच्या बाईशीही. गंगाधर रोज संध्याकाळी येऊन पायाशी बसायचा, घरातलं काहीबाही सांगायचा. ती ऐकून घ्यायची. त्याला जा म्हणून कधी खुणावलं नाही, पण त्याच्यासाठी वहीत एक शब्दही लिहिला नाही.

सात महिन्यांनी दुखणं मानेत उतरलं. महाडला, घरीच, पौषातल्या एका सकाळी ती गेली. स्पृहा जवळ होती. वहीच्या शेवटच्या पानावर शेवंतीनं लिहिलं होतं, 'खिडकी उघड.' स्पृहानं उघडली होती.