मावशीच्या खानावळीतला पाचवीचा वर्ग

माणूस गेला की त्याच्या वस्तू वाटून टाकता येतात. दादाचा कोट कांबळे मास्तरांना झाला, छत्री मी वापरतो. पण त्याचे किस्से कुणाला द्यायचे? ते खानावळीतल्या खरकट्या ताटांसारखे साचत जातात आणि कधीतरी कुणाला तरी बसून उरकावे लागतात. घरी भेटायला येणारी माणसं मान खाली घालून बसतात. मला ते जमत नाही. तोंड उघडलं की किस्साच बाहेर पडतो आणि आई उठून मोरीत जाते. म्हणून इथे सांगतो.

दादा म्हणजे माझा मोठा भाऊ वसंता. लालबागला आमच्या चाळीमागे म्युनिसिपालिटीची शाळा आहे, तिथे मास्तर होता. टायफॉइडने गेला. चपला अजून दारात आहेत. मी त्या हलवत नाही आणि कुणाला हलवू देत नाही.

शाळा चौथीपर्यंत. पाचवीला जायचं तर ट्रामचे रूळ ओलांडून परळच्या पार त्या टोकाला. मुलगे अर्धेमुर्धे जात, मुली घरी बसत. दादाचं एकच टुमणं होतं, की पाचवीचा वर्ग इथेच निघाला पाहिजे. आणि त्याच शाळेतले पेडणेकर मास्तर, त्याच्याहून वीसेक वर्षांनी मोठे, ते म्हणत की निघता कामा नये.

"खोल्या मोजक्या. पाचवीला खोली कुठली देणार? पहिलीची. मग पहिलीची पोरं व्हरांड्यात. पाया व्हरांड्यात आणि कळस खोलीत. हे कुठलं देऊळ बांधतोयस तू वसंता?"

हे भांडण रोज संध्याकाळी सुंदरमावशीच्या खानावळीत चाले. आई तेव्हा गावी होती, म्हणून आम्ही दोघे भाऊ तिथेच जेवायचो. पेडणेकर मास्तरांचं बिऱ्हाड मालवणला, तेही तिथेच. कांबळे मास्तरही त्याच शाळेतले, घर करी रोडला, बायको उत्तम रांधायची, पण बांगड्याच्या दिवशी ते आमच्याच पंगतीला. आणि मी. रे रोडला लाकडाच्या वखारीत ओझी उचलतो. शिक्षण चौथी.

* * *

मावशीचा एक नियम होता. "जो पंगतीक नाय, तेचो वाटो कोणी खावचो नाय." कुणी उशिरा आला किंवा आलाच नाही, तरी त्याची माशाची तुकडी झाकून ठेवलेली असायची.

एकदा कांबळे मास्तर आले नव्हते आणि पेडणेकर मास्तर त्यांच्या मताची साल काढत बसले. कांबळ्यांचं म्हणणं, इंग्रजी पहिलीपासून हवं. दादाला काही ते पटत नव्हतं. तरी तो मधेच उठला, कांबळ्यांच्या पाटावर जाऊन बसला आणि त्यांची बाजू मांडू लागला.

पेडणेकर मास्तर म्हणाले, "अरे, तू तर इंग्रजी आठवीपासून म्हणतोस ना?"

"मी म्हणतो. पण मी आत्ता इथे नाही. आत्ता इथे कांबळे आहे. माणसाची तुकडी राखता, मग त्याचं मत का नाही राखायचं?"

मावशी आतून म्हणाली, "ठेवा राखून. मत काय नासाचा नाय."

त्या दिवसापासून तो पंगतीचा कायदाच झाला. गैरहजर माणसाची बाजू हजर असलेल्यांपैकी कुणीतरी घ्यायची, आणि मनापासून घ्यायची.

* * *

शिमग्याला पेडणेकर मास्तर गावी गेले. आता पाचवीच्या विरोधात बोलायचं कुणी? दादाने स्वतःच ते काम घेतलं.

दादाची एक खोड होती. मुद्दा मांडण्याआधी समोरचं लाकूड बोटांनी वाजवायचा. पेडणेकर मास्तर वैतागायचे, "दार वाजवतोस काय? आत ये, बोल आणि जा." तर दादाने पाट वाजवला आणि पाचवी का नको ते सांगायला सुरुवात केली. व्हरांड्यातली पोरं, त्यांच्या पाटीवर येणारी पावसाची झड, एका खडूत दोन वर्ग. असा काही रंगला की पहिल्यापासून पाचवीच्या बाजूचे कांबळे मास्तर म्हणाले, "वसंता, मला पटलं. पाचवी नको."

दादा घाबरला. पुढचे कितीतरी दिवस तो कांबळ्यांना परत आपल्या बाजूला ओढत होता. कांबळे काही हलेनात. "तूच तर सांगितलंस," म्हणायचे.

पेडणेकर मास्तर गावाहून आले. सगळं ऐकलं. दादावर डोळे वटारले.

"माझ्या नावावर हे काय काय खपवलंस?"



मग थोडं जवळ सरकून म्हणाले, "ते पाटीवरच्या झडीचं मात्र चांगलं होतं. मला कधी सुचलं नाही. परत सांग बघू."

* * *

वरून कुणीतरी ठरवलं की पोरांना हातांनी काम करायला शिकवावं. शाळेत टकळ्या आल्या. कांबळे मास्तर चिडले. "गिरगावात मोठ्या शाळेत इंग्रजी आणि आमच्या पोरांना टकळी? बापाने गिरणीत सूत कातायचं, पोराने शाळेत कातायचं, मग वाचायचं कुणी?" बाबासाहेबांबरोबर नुकतेच बौद्ध झालेले, तेव्हा आवाजालाही धार होती. दादा आणि पेडणेकर दोघेही या एका बाबतीत त्यांच्या बाजूला होते.

पण हुकूम तो हुकूम. कांबळे स्वतः टकळी घेऊन वर्गापुढे बसले. धागा काढला की तुटायचा. पोरं हसायची. मग जिद्दीला पेटले. शेवटी एकदाचा लांब, सरळ धागा निघाला. एका पोराने तो मागून घेतला आणि घरी बापाला दाखवायला नेला.

दुसऱ्या दिवशी पोरगा उभा राहिला.

"मास्तर, बाबांनी निरोप दिलाय. म्हणाले, तुमच्या मास्तरांचा हात बरा आहे. शाळेत काय पडलंय? सकाळी गिरणीच्या गेटावर या म्हणावं, बदली कामगारांत लावून देतो."

खानावळीत हे सांगताना कांबळे मास्तर एकदाही हसले नाहीत. पगार किती म्हणाले होते, तेवढं पेडणेकर मास्तरांनी हळूच विचारलं.

* * *

वाद तापला की दादा माझा दंड धरायचा. "हा माझा पुरावा. चौथी पास. डोकं बरं. आणि आज ओझी उचलतो. का? पाचवी लांब होती म्हणून."

पेडणेकर मास्तर भाताचा घास तसाच हातात धरून म्हणायचे, "वसंता, ह्या मन्याला चौथीत मी शिकवलंय. पाचवी लांब होती म्हणून नाही. पाचवीच्या पहिल्याच दिवशी हा समोरून येणाऱ्या ट्रामला लटकला आणि दादरला गेला. शाळा सुटल्यावर परत आला. दुसऱ्या दिवशीही तेच. हा पोरगा वारा आहे, वारा. ह्याला कुठल्या खोलीत कोंडणार तू?"

"पाचवी इथे असती तर मधे ट्राम आली नसती."

 पेडणेकर मास्तर माझ्याकडे बघत, मी आमटीकडे बघायचो. दोघांचंही खरं होतं. मला ट्राम फार आवडायची.

* * *

संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चाला मात्र सगळे एकत्र. तिथे वाद नाही. दादाचा आवाज मोठा, म्हणून घोषणा तो द्यायचा. पेडणेकर मास्तर टोपी घट्ट बसवून पहिल्या रांगेत.

"संयुक्त महाराष्ट्र..."

"झालाच पाहिजे!"

"मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र..."

"झालाच पाहिजे!"

परळच्या नाक्यावर मोर्चा वळला. दादाने दम घेतला आणि त्याच सुरात ओरडला, "लालबागला पाचवीचा वर्ग..."

"झालाच पाहिजे!" अख्खा मोर्चा गरजला. गिरणीवाले, कोळणी, भायखळ्याकडून आलेले, ज्यांनी आमची शाळा उभ्या जन्मात पाहिली नव्हती ते सगळे. पेडणेकर मास्तरांची मूठ वर गेली होती आणि तोंडही पूर्ण उघडलेलं होतं.

त्या संध्याकाळी दादा मावशीला म्हणाला, "आज मास्तरांना वाढ जरा जास्त. आमच्या बाजूला आलेत."

पेडणेकर मास्तर शांतपणे म्हणाले, "मोर्चातलं मत धरायचं नसतं."

* * *

दादा गेल्यावरही मावशी त्याची तुकडी अजून राखते. ती कुणी खात नाही. मांजर मात्र भलतंच माजलंय.

पाचवीचं ठरवायला म्युनिसिपालिटीचे एक सभासद शाळेत येणार, हे दादा आजारी पडण्याआधीच ठरलं होतं. तो तापातही त्याचीच तयारी करायचा, पलंगाची कड वाजवायचा. सभासद आले तेव्हा दादा नव्हता. मोठ्या खोलीत चाळीतली माणसं जमली, बाया दारापाशी उभ्या. हेडमास्तरांनी वयाचा मान म्हणून पेडणेकर मास्तरांना पहिलं बोलायला सांगितलं.

कांबळे मास्तर माझ्या कानात म्हणाले, "गेली पाचवी." मी उठणारच होतो, काय बोलणार होतो देव जाणे. त्यांनी माझा सदरा मागून घट्ट धरून ठेवला.

पेडणेकर मास्तर उठले. पण स्वतःच्या खुर्चीपाशी उभे राहिले नाहीत. पुढे गेले, टेबलापाशी. टेबल बोटांनी वाजवलं.

मग बोलू लागले. रुळांपलीकडची शाळा. घरी बसलेल्या मुली, एकेकीचं नाव घेऊन. दादाचा एकही मुद्दा सुटला नाही, आणि मुद्द्याआधी टेबल वाजवायचंही सुटलं नाही. शेवटी त्यांनी बोट लांब केलं, थेट मागच्या रांगेत.

"हा माझा पुरावा. उभा राहा रे मन्या. चौथी पास. डोकं बरं. मधे ट्राम आली."

मी उभा राहिलो.

सभासद गोंधळले. हातातली टोपी फिरवत म्हणाले, "मास्तर, तुम्ही तर पाचवीच्या विरुद्ध आहात, असं मला सांगितलं होतं. मग तुमची बाजू काय?"

पेडणेकर मास्तरांनी चष्मा काढला.

"माझी बाजू वसंता मांडायचा," ते म्हणाले. "तो आज आलेला नाही."