दल-सूचा ओला ओटा

मेंग दल-सूने खोलीची जमीन फोडली ती भर दुपारी, शेजारच्या प्यो म्हाताऱ्याच्या डोळ्यांदेखत. दल-सू म्हणजे शहरात तीस वर्षं बस चालवून निवृत्त झालेला आणि बायको-सासूला घेऊन हानचीगोलच्या डोंगरात परतलेला एकसष्ट वर्षांचा गृहस्थ. फोडली ती जमीन प्योनेच कधीकाळी घातलेली. खाली दगडी फरश्या, फरश्यांखाली धुराच्या वाटा, वर मातीचा लेप. बाहेर चूल पेटवली की आत माणसाची पाठ शेकली जायची. अशा जमिनी घालणारा दुसरा हात त्या खोऱ्यात नव्हता. म्हातारा कुंपणापलीकडून बघतोय म्हटल्यावर दल-सूच्या घणाला आणखी चेव चढला.

"काय रे, थडगं उकरतोयस का कुणाचं?" प्योने विचारलं.

"तुमची कारागिरी उकरतोय, दादा! गाडीभर लाकूड खायची ही बया, आणि ऊब कुणाला, तर मांजराला. आता रॉकेट चूल बघा माझी. चार काटक्यांत खोली भाजून निघेल."

प्यो थुंकला. कुंपणाच्या अलीकडे की पलीकडे, यावर गावात अजून दोन तट आहेत. त्या दिवसापासून दोघांचं बोलणं बंद झालं.

ही रॉकेट चूल दल-सूला एका दाढीवाल्या गोऱ्याच्या व्हिडिओत सापडली होती. लाकूड उभं घालायचं, जाळ आडवा पळतो, विटांच्या नळकांड्यातून वर उसळतो, त्यावर उपडं घातलेलं पिंप लाल होतं आणि उरलेला गरम धूर मातीच्या लांब ओट्याच्या पोटातून फिरून धुराड्याने बाहेर पडतो. ओटा रात्रभर ऊब धरून ठेवतो. दल-सूने तो व्हिडिओ एवढ्या वेळा पाहिला की बायको म्हणाली, "त्या दाढीवाल्याशीच लग्न करायचं होतं."

बायको ओक-बुन तोंडाने तिखट होती, पण तिचं चुकत नव्हतं. तिची त्र्याऐंशी वर्षांची आई गुडघ्यांनी अधू होती आणि जावयाने जमीन उखडल्यापासून गार खोलीत विजेच्या गादीवर पडून होती.

"ऐका," ओक-बुन म्हणाली. "आपल्याकडे हिवाळ्याच्या बेगमीची किमची घालायच्या दिवशी भाऊ गाडी घेऊन येणार आहे. तोवर ओटा तापला नाही तर आईला घेऊन मी त्याच्याकडे चुनचनला जाते. अख्खा हिवाळा. तुम्ही बसा पिंपाला मिठी मारून."

"अगं सोराची आई..."

"लेकीलाही कळवलंय मी."

दल-सूला चहा आणि नूडल्स यापलीकडे काही रांधता येत नव्हतं. शिवाय पिंपापायी बायको गेली, हे गावाने त्याच्या थडग्यापर्यंत पुरवलं असतं.

मग तो झपाटल्यासारखा लागला. माती, पेंढा, वाळू तुडवून तुडवून त्याने भिंतीच्या कडेने ओटा रचला. व्हिडिओतल्या गोऱ्याने आपला ओटा तसाच उघड्या मातीचा ठेवला होता. दल-सूला वाटलं, आळशी मेला. मातीवर काय म्हाताऱ्या माणसाला बसवायचं, गोठ्यासारखं? चारच दिवसांत त्याने ओट्यावर जाड कागद चिकटवला. ओक-बुनने भिजवलेलं सोयाबीन वाटून, तेलात कालवून, फडक्याच्या पुरचुंडीने तो कागद चार वेळा घासला. सोन्यासारखा पिवळा चकचकीत झाला. त्या घरात महिन्याभरात दोघांनी मिळून केलेलं तेवढं एकच काम.

मग त्याने चूल पेटवली. जाळाने एकदा हुंकार दिला, घुटमळला, आणि सगळा धूर लाकडं घालायच्या तोंडातून सासूबाईंच्या अंगावर आला.

दल-सूने धुराडं दोन हात उंच केलं. धूर आला. चुलीचं तोंड विटेने लहान केलं. तरीही आला. धुराड्याच्या पायथ्याशी कागद जाळून ते तापवलं, तर दहा मिनिटं चूल वाघासारखी गुरगुरली आणि पुन्हा खोकायला लागली. ओट्याच्या टोकाचं झाकण काढलं तर आतून भांडंभर काळं पाणी निघालं. पाऊस शिरला असेल म्हणून त्याने धुराड्याला टोपी घातली. पंधरा दिवसांत त्या खोऱ्यात पावसाचा थेंब पडला नव्हता, पण ते आठवेल तर तो दल-सू कसला!

शेवटी सासूबाईंनीच प्योला बोलावणं धाडलं. नऊ वर्षांनी मोठ्या बाईला नाही कसं म्हणणार? म्हातारा आला. दल-सूकडे न बघता ओट्यावर बसला. जरा वेळाने उठला, मागे हात लावून पाहिला.

"ताई, तुमच्या जावयाच्या ओट्याने माझी विजार ओली केली. एवढं मोठं बाळ, लंगोट नाही बांधला?"

"आई, त्यांना सांगा, दुखणं कळलं असेल तर बोला म्हणावं," दल-सू हातभर अंतरावरून म्हणाला.

"ताई, त्याला सांगा, नवी जमीन आम्ही उघडी ठेवून महिनाभर बारीक विस्तवाने वाळवतो. मग कागद. ओल्या मातीवर तेलकट कागद मारल्यावर पाणी जाणार कुठे? धूर त्या ओटीपोटात गार पडतो, जड होतो आणि आल्या वाटेने परत फिरतो. उलट ओकतो."

"आई, विचारा त्यांना, मग पंधरा दिवस कुंपणाआडून मजा बघत होते का?"

"हो म्हणावं," प्यो म्हणाला आणि निघून गेला.

दल-सूने सुरी उचलली, पण त्या चकचकीत कागदावर हात चालेना. ओक-बुनने सुरी हिसकावली. "एवढं तेल घासलं मी, तर फाडीनही मीच." टराटरा फाडला. खाली माती घामेजलेली, बोट रुतेल अशी. तिने नवऱ्याकडे असं पाहिलं की त्याला ते बोट आपल्याच मानेत रुतल्यासारखं झालं.

बारा दिवस खिडक्या उघड्या टाकून, मूठमूठ काटक्यांचा जाळ. तिघंही घरात कोट घालून वावरत होती. ओट्यातून वाफा निघत. भेगा पडल्या की दल-सू त्यात चिखल बोटाने भरी.

किमचीचा दिवस उजाडला. अंगणात शेजारणी कोबीच्या पानापानांत लाल मसाला भरत होत्या. ओक-बुनचा भाऊ गाडी घेऊन आला होता, दोन बॅगा दारात होत्या. आत चूल पहिल्यांदाच न खोकता गुरगुरत होती, पण ओटा होता उघड्या मातीचा.

"मी मातीत बसणार नाही," सासूबाईंनी आधीच बजावलं होतं. पण गाडीत सामान भरेपर्यंत गुडघे टिकेनात. "जरा टेकते," म्हणून त्या ओट्याच्या कडेला बसल्या. मग मागे सरकल्या. मग आडव्या झाल्या.

भाऊ म्हणाला, "आई, चल."

"तू हो पुढे. किमचीचा डबा विसरू नकोस."

ओक-बुनने एक बॅग उचलून आत आणली, दाणकन आपटली. "आईसाठी थांबतेय. गैरसमज नको."

दल-सूने चुलीत आणखी एक लाकूड उभं केलं.

हल्ली प्यो रोज येतो. पिंपाजवळची सगळ्यात गरम जागा अडवून बसतो, दल-सूशी अजूनही बोलत नाही.

"ताई, त्याला सांगा, माझी जमीन याहून गरम व्हायची."

"आई, त्यांना सांगा, मग उठा म्हणावं."

म्हातारा पाय आणखी लांब करतो.